जाहिरातीतला एस-६ आणि एजन्सीचे १८ हजार : हातात किती येतात?

कोरेगाव_पेठ
आम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. बहिणीसाठी विचारतोय. बी.कॉम., वय २६, टायपिंग मराठी ३० आणि इंग्रजी ४० झालेलं. सांगलीत एका सरकारी कार्यालयात बाह्यस्रोत एजन्सीमार्फत डेटा एन्ट्रीची जागा मिळतेय, महिना १८,००० म्हणतात. दुसरीकडे कनिष्ठ सहायक आणि लिपिक-टंकलेखकाचा अभ्यास चालू आहे. जाहिरातीत 'एस-६ : १९,९००–६३,२००' लिहिलेलं असतं. घरचे म्हणतात, १८ आणि १९ मध्ये फरक तो काय, आहे ते घे. एस-६ ला हातात खरोखर किती पडतात? कायम जागा संपत चालल्यात हे खरं आहे का? आणि आठव्या वेतन आयोगाने काय बदलेल?

वेतनिका_कराड
१९,९०० हे फक्त मूळ वेतन आहे. एस-६ हा वेतन मॅट्रिक्समधला, म्हणजे पगाराच्या टप्प्यांच्या तक्त्यातला, एक स्तर. ६३,२०० हा त्याच्या चाळिसाव्या घरातला आकडा. वर्षाला साधारण ३ टक्क्यांची एक वेतनवाढ धरली तर पदोन्नतीशिवाय तिथवर कुणी पोचत नाही. त्यामुळे तो आकडा आत्ता विसरा.

महागाई भत्ता ५५ टक्के धरून हिशेब असा : मूळ १९,९००, महागाई भत्ता १०,९४५, घरभाडे सातारा जिल्ह्यात १० टक्के म्हणजे १,९९०, वाहतूक भत्ता ६७५. एकूण ३३,५१०. कपातीत एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) १० टक्के (मूळ + महागाई भत्त्यावर) ३,०८५ आणि व्यवसाय कर २००. हातात ३०,२२५, त्यातून गट विम्याची छोटी रक्कम जाते. शिवाय सरकारचे १४ टक्के, म्हणजे ४,३१८ रुपये दरमहा एनपीएस खात्यात वेगळे जमा होतात. ते पगारपत्रकाच्या तळाशी असतात म्हणून कुणी मोजत नाही.

नेमणूक सांगली-मिरज-कुपवाड शहरात मिळाली तर घरभाडे २० टक्के, ३,९८०. घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग असतात. सांगली वाय वर्गात, सातारा झेड वर्गात, म्हणून तेच पद, तेच मूळ वेतन आणि महिन्याला १,९९० चा फरक. वर्ग कामाच्या ठिकाणावरून ठरतो, राहत्या घरावरून नाही. जत किंवा विटा इथे नेमणूक असेल तर पुन्हा १० टक्केच.

आता एजन्सीचे १८,०००. भविष्यनिर्वाह निधी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे १३५. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हातात १६,०६५. पण १८,००० मध्ये मालकाचा हिस्साही धरलाय का, हे आधी विचारा. धरला असेल तर निधीचे साधारण १,९५० आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के आणखी वजा होतात आणि हातात साडेतेरा हजारांच्या आसपास उरतात. बोलणी करताना हा मुद्दा सहसा कुणी स्वतःहून सांगत नाही.

म्हणजे फरक हजाराचा नाही, जवळपास दुपटीचा आहे.

माणदेश_दहिवडी
वरचा हिशेब बरोबर. एक भर : प्रत्येक कायम पदाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी नसते. शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षं मानधन असतं, प्राथमिकला १६,०००, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. ग्रामपंचायतीकडच्या पदालाही सुरुवातीचा काळ मानधनाचाच. कनिष्ठ सहायकाला तसं नाही. जाहिरातीत 'मानधन' शब्द आहे की 'वेतनश्रेणी', तेवढं नीट वाचा.

कायम जागांबद्दल. राज्यात सात लाखांवर पदं मंजूर आहेत आणि त्यातली दोन लाखांहून जास्त रिकामी. जागा संपलेल्या नाहीत, भरलेल्या नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अडतं ते आकृतिबंधापाशी, म्हणजे विभागात कोणती पदं किती असावीत याच्या मंजूर तक्त्यापाशी. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयात ज्या विभागाचा सुधारित आकृतिबंध मंजूर आहे त्याला सरळसेवेची १०० टक्के रिक्त पदं भरायची मुभा मिळाली, बाकीच्यांना ८० टक्के. त्यातूनच २०२३ मध्ये जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची आणि तलाठ्यांची ४,६४४ पदांची जाहिरात आली. आकृतिबंध मंजूर झाला तरी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची नोंद) विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून यावी लागते. आपले दोन्ही जिल्हे पुणे विभागात. ती फाईल अडली की वर्ष जातं, आणि तोवर काम थांबू नये म्हणून कार्यालय एजन्सीकडून माणसं घेतं. शिपाई, चौकीदार, सफाई या कामांत तर हीच रीत झालीय.

६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला होता, तो विरोधामुळे त्याच ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. बाह्यस्रोताची पद्धत मात्र त्याने बंद झाली नाही.

'कंत्राटी' म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. कार्यालयाने थेट दिलेला ११ महिन्यांचा करार, राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या अभियानातलं पद, आणि एजन्सीचा माणूस. पहिल्या दोघांत नियोक्ता सरकारी असतो. अभियानात दहा वर्षं झालेल्यांना ३० टक्के पदांवर सामावण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, तरी अंमलबजावणीसाठी त्यांना २०२५ मध्ये संपावर जावं लागलं. एजन्सीवाल्याचा नियोक्ता कागदावर एजन्सीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर बरीच वर्षं काम केलं एवढ्यावर कायम होण्याचा हक्क लागत नाही, आणि एजन्सीवाल्याची बाजू तर सगळ्यात कमजोर. 'आत शिरलीस की पुढं बघू' असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

मिरज_लेखा
आठव्या आयोगाचं. केंद्राच्या आयोगाच्या अध्यक्ष न्या. रंजना देसाई, कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर, मुदत १८ महिने. राज्य त्यानंतर स्वतःची समिती नेमून निर्णय घेतं. सातव्या वेळी बक्षी समिती होती. वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू धरलं, पण प्रत्यक्ष पगारात १ जानेवारी २०१९ पासून आलं. फरकाची रक्कम पाच हप्त्यांत. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

सातव्या आयोगात मूळ वेतन २.५७ पट झालं हे ऐकून पगार अडीचपट झाला असं लोक समजतात. त्या वेळी महागाई भत्ता १२५ टक्के होता, म्हणजे १०० चे २२५ आधीच मिळत होते, ते २५७ झाले. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास. नव्या आयोगात भत्ता पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि घरभाड्याचे टक्केही खाली येऊ शकतात. मागच्या वेळी झेड, वाय, एक्स वर्गांना अनुक्रमे ८-१६-२४ टक्क्यांपासून सुरुवात होऊन भत्ता ५० च्या पुढं गेल्यावर १०-२०-३० झाले.

महागाई भत्ताही राज्यात उशिरा येतो. जुलै २०२४ चा ५३ टक्के फेब्रुवारी २०२५ मध्ये, जानेवारी २०२५ चा ५५ टक्के ऑगस्टमध्ये. फरक मिळतो, पण महिन्याचं बजेट जुन्या दरानेच आखा.

कोरेगाव_पेठ
सगळ्यांचे आभार. मग एजन्सीचं काम घेऊन अभ्यास करावा की सोडून द्यावं?

माणदेश_दहिवडी
कोरेगावहून सांगलीला रोज जाणं-येणं होणार नाही, म्हणजे खोली आणि जेवण आलं. साडेतेरा हातात असतील तर त्यातून फार काही उरत नाही आणि अभ्यासाचे तास जातात. माझं मत, सोळा हजार हातात पडत असतील आणि संध्याकाळ मोकळी असेल तरच घ्या. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ची मर्यादा आहे, तिच्याकडे वेळ आहे.

घेतलंच तर पहिल्याच महिन्यात नेमणूकपत्र लेखी घ्या, यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक) चालू करून दर महिन्याला पासबुक बघा. पगारातून कापलेले पैसे खात्यात न भरणं ही नेहमीची गडबड, आणि ती कळते तेव्हा एजन्सी बदललेली असते. तसं झालं तर कार्यालयालाही प्रमुख नियोक्ता म्हणून जबाबदार धरता येतं, म्हणून लेखी अर्ज कार्यालयप्रमुखांकडे द्या, पोच घ्या आणि प्रत सहायक कामगार आयुक्तांना. एजन्सीला मिळालेल्या कार्यादेशाची मुदत कधी संपते तेही विचारून ठेवा, कारण निविदा बदलली की नवी एजन्सी जुन्या माणसांना घेईलच असं नाही.