हृदयाची अरुंद धमनी तपासायला जनावर कुठलं? उंदीर, कुत्रा की डुक्कर?

पवईकर: नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष. सीटी स्कॅनवरून हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतंय ते मोजणारा प्रोग्रॅम लिहितोय. थ्रीडी प्रिंटरच्या नळ्यांवर आकडे जमले, आता गाईड म्हणतात जिवंत हृदयावर दाखव. लॅबमधला मित्र म्हणतो एपीओई उंदीर (जनुक बदलून धमन्यांत चरबी साठेल असे केलेले) घे, स्वस्त पडतात. जुने पेपर कुत्र्यांवरचे. गोंधळ झालाय.

भूलवाली मावशी: उंदराचा नाद सोड. परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकले आणि पुढे जनावरांना भूल देण्यातच नोकरी संपली, म्हणून सांगते. उंदराचे ठोके मिनिटाला 500-600. वेगवान सीटीलाही एक फेरी मारायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात त्याचे दोन ठोके होऊन जातात. शिवाय त्या उंदरांत चरबी साठते ती महाधमनीच्या मुळाशी, हृदयाच्या धमन्यांत क्वचितच. तुला चरबी बघायचीय की प्रवाह? प्रवाह ना? मग अरुंदपणा आपल्या हाताने करायचा.

कुत्र्याच्या हृदयात आडवाटा मुबलक. सायनचा पूल बंद झाला की टॅक्सीवाले गल्लीबोळांतून काढतात, तसं रक्त शेजारून येतं. डुकराला गल्ल्या जवळजवळ नाहीतच, आणि धमन्यांची मांडणी आपल्यासारखी. पण कुत्र्यांवरचे पेपर टाकून देऊ नकोस. गूल्ड यांचं 1974 चं काम वाच: विश्रांतीत व्यास 85 टक्के आवळेपर्यंत प्रवाह पडत नाही, प्रवाह पूर्ण वाढवला तर मात्र 30 ते 45 टक्क्यांनाच फरक दिसू लागतो. म्हणजे अ‍ॅडेनोसिन हे प्रवाह वाढवणारं औषध न देता स्कॅन केलास तर निम्मी आवळलेली धमनीही धडधाकट दिसेल, आणि तू बसशील प्रोग्रॅममधली चूक शोधत.

लोअर_परळ: धमनीभोवती अ‍ॅमेरॉइडची कडी घालतात ना?

भूलवाली मावशी: घालतात. केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची कडी, ओल शोषून आत फुगते, काही आठवड्यांत धमनी बंद. पण स्कॅनच्या दिवशी ती नक्की किती आवळली असेल ते तुझ्या हातात नाही, आणि बाहेरचं कवच धातूचं असलं तर सीटीत चट्टे येतात. ह्याला पाण्याने फुगणारा पट्टा बरा, हवा तेवढा आवळा, सोडा. ताळा मायक्रोस्फिअर्सशी घ्यायचा: 15 मायक्रॉनचे मणी डाव्या कर्णिकेत सोडायचे, ते केशवाहिन्यांत अडकतात, नंतर हृदयाचे तुकडे करून मोजायचे. हे केलं नाहीस तर तुझा आकडा कशाशी ताडणार?

घाटकोपरची_आई: बिचारी जनावरं! पेशंटचे स्कॅन आहेत की हॉस्पिटलांत ढिगाने.

भूलवाली मावशी: ताई, मलाही त्या डुकरांचं वाईट वाटायचं, एकेकाच्या सवयी पाठ व्हायच्या. पेशंटमध्ये तार घालून दाब मोजता येतो, अडथळ्यापलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या 0.80 पटीखाली गेला की अडथळा खरा. पण स्नायूच्या कुठल्या ग्रॅमला किती रक्त गेलं, हे असं कापून कुणाचं मोजणार?

पवईकर: मावशी, परवानगी?

भूलवाली मावशी: आधी संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती, मग मोठं जनावर म्हणून दिल्लीची सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती. अर्ज आजच लिहायला घे. आणि डिफिब्रिलेटर, हृदयाला शॉक देणारं मशीन, त्याच खोलीत, चार्ज करून. आमच्याकडे एकदा पट्टा एका दमात आवळला, 38 किलोच्या डुकराचं हृदय नुसतं थरथरायला लागलं, मशीन शेजारच्या खोलीत आणि एक्स्टेन्शनची वायर पुरेना. सकाळी सात वाजल्यापासून त्याच्या उशाशी होते मी. गाईडना विचार, तुमच्याकडे भूल कोण देणार आहे?