मूडल: गुणांच्या प्रश्नचिन्हामागे मदतच नाही

प्रश्न (खानापूर): आमचं कॉलेज मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरतं. त्यात कॉलेजसाठी करून घेतलेल्या गुणांकन प्लगइनमध्ये (जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) ‘रिकामे गुण वगळा’शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की मदतीच्या मजकुराऐवजी चौकटी कंसात सांकेतिक नाव येतं. मराठी, कन्नड दोन्हीत तेच. ‘लँग्वेज कस्टमायझेशन’मध्ये (मूडलमधला मजकूर बदलायच्या पानावर) ती ओळ सापडतच नाही.

उत्तर (निपाणी): सर, भाषांतर नसतं तर इंग्रजी मजकूर दिसला असता. कंस आला म्हणजे इंग्रजी मूळच गायब. कस्टमायझेशनमध्ये फक्त मुळात असलेल्या ओळी येतात, म्हणून शोधून मिळणार नाही. प्लगइनच्या लँग फोल्डरात ‘ईएन’ फोल्डर आहे, त्यातली फाइल उघडा. प्रत्येक मदतीला दोन ओळी लागतात: शीर्षकाची, आणि त्याच नावापुढे ‘अंडरस्कोर हेल्प’ लावलेली. दुसरी घाला, मग ‘पर्ज ऑल कॅशेस’ करा, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती पुसल्या जातात. हे राहिलं की जुनंच दिसत राहतं.

उत्तर (बेळगाव): मजकुरात उदाहरण द्याच. 20 गुणांच्या तीन चाचण्या. 16, 14 आणि एक न तपासलेली. ‘रिकामे गुण वगळा’ला खूण असेल तर सरासरी 15, काढली तर रिकामी शून्य धरून 10. विद्यार्थी नेमकं इथेच घाबरतात.

खानापूर: दुसरी ओळ नव्हतीच. घातली, आता दिसतंय. बदल प्लगइन करणाऱ्यालाही पाठवतो, नाहीतर पुढच्या अपडेटला पुसला जाईल.