घोडेस्वारी क्लासच्या रील्सना व्ह्यूज येतात, प्रवेश होत नाहीत (नाशिक)

प्रश्न: गंगापूर_पागा
नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या बाजूला घोडेस्वारीचे वर्ग चालवतो. सहा घोडे आहेत, दोन मारवाडी, बाकी काठियावाडी. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या रीलला लाखावर व्ह्यूज आले, पण विचारणा येते ती ‘घोडा विकायचाय का’ नाहीतर ‘वरातीला मिळेल का’. मुलांच्या बॅचसाठी फोन जवळपास नाहीतच. महिन्याला पाच हजार खर्च करता येतील. कुठून सुरुवात करू?

टाच_खाली
बाजाराचं रील बघतात ते शौकीन आणि व्यापारी. त्यांनी लाइक केलं की इन्स्टा ते रील आणखी तशाच लोकांपुढे नेतं, मग ते राजस्थानात बसलेले का असेनात. तुमची फी भरणार आहेत कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडचे आईबाप, आणि त्यांच्या मनात एकच धास्ती असते: पोर पडलं तर? रीलमधून त्याचं उत्तर मिळायला हवं.

एका रीलमध्ये एकच गोष्ट, २०-२५ सेकंद. हेल्मेट कसं बसवायचं ते दाखवा: हलवून बघितलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर ते मोठं आहे. दुसऱ्यात तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. खोगीर कसताना बरेच घोडे पोट फुगवतात, म्हणून दोन मिनिटं चालवून, मूल चढायच्या आधी तो पुन्हा आवळावा लागतो. तिसऱ्यात रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी: फक्त चवडा आत, टाच खाली, आणि बुटाला अर्धा-एक इंच टाच हवीच. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेलं मूल फरफटत जातं. हे ज्या क्लासला माहीत आहे, तिथे आई मुलाला निर्धास्त सोडते.

बोलणं मराठीत ठेवा आणि खाली अक्षरं टाका, बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. जुन्या रील्समध्ये हेल्मेट नसलेलं मूल किंवा काटेरी लगाम दिसत असेल तर त्या आजच काढा. काटेरी लगामाला कायद्यानेच बंदी आहे. आणि मुलांचे चेहरे दाखवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, प्रवेश अर्जावरच त्याची वेगळी सही ठेवा.

खरारा
शूटिंगबद्दल थोडं. मोबाइल घोड्याच्या तोंडाजवळ नेला की डोकं भलं मोठं आणि पाय आखूड दिसतात. वीस-पंचवीस फूट लांब उभं राहा, दोनपट झूम करा आणि मोबाइल घोड्याच्या छातीच्या उंचीला धरा. सकाळी आठच्या आत उरका. दुपारच्या उन्हात काळ्या घोड्याचा नुसता ठिपका होतो. फ्लॅश अजिबात नको. ड्रोनच्या आवाजाने घोडा बिथरतो, त्यामुळे स्वार पाठीवर असताना तो उडवूच नये. शिवाय ओझरचा विमानतळ आणि देवळालीची लष्करी हद्द आहे, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नका.

बिझनेस खात्यावर सिनेमातली गाणी बऱ्याचदा मिळत नाहीत, आणि बाहेरून जोडली तर आवाज बंद केला जातो. टापांचा खरा आवाज ठेवा, तो जास्त चांगला वाटतो.

हिशोबी_स्वार
वरचं सगळं बरोबर, पण पैसे लावण्याआधी गूगल मॅप्सवरची नोंद नीट करा. प्रकार ‘घोडेस्वारी शाळा’ निवडा आणि पिन फाटकावर ठेवा, शेताच्या मध्यावर नको. नाहीतर लोक मळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहतात. वय, बॅचच्या वेळा, फी आणि वजनाची मर्यादा तिथेच लिहा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर. हे आधीच कळलं की नको त्या चौकशा कमी होतात. रिव्ह्यू मागा, पण त्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

आता जाहिरात. इन्स्टा पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबू नका, मेटाच्या ॲड्स मॅनेजरमधून व्हॉट्सॲप मेसेजची जाहिरात करा. जाहिरात कुठल्या भागात दिसावी यासाठीची पिन पागेवर ठेवलीत तर वर्तुळाचा मोठा भाग धरणाच्या पाण्यात आणि आसपासच्या खेड्यांत जाईल. ती शहरात कॅनडा कॉर्नरला ठेवा, त्रिज्या आठ किलोमीटर. पाच हजारांत अठरा टक्के जीएसटी धरला तर हातात साधारण ४,२०० उरतात: रोज २०० प्रमाणे २१ दिवस. पहिले चार-पाच दिवस काही बदलू नका, दर बदलाला यंत्रणा नव्याने शिकायला लागते. मेसेज आला की तीनच प्रश्न विचारा: मुलाचं वय, राहण्याचा भाग, सकाळ की संध्याकाळ. उत्तर तासाभरात गेलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी पालक पोहण्याच्या क्लासकडे वळलेले असतात.

गंगापूर_पागा
खूप आभार. एक शंका: व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये घोड्यांचे फोटो टाकले की नाकारले जातात, ते का?

हिशोबी_स्वार
प्राणी विकायला तिथे मनाई आहे. घोड्याचं नाव आणि किंमत एकत्र दिसली की ती विक्रीच समजली जाते. वस्तू म्हणून ‘१२ तासिकांचा प्राथमिक वर्ग’ असं लिहा आणि फोटोत खोगिरावर बसलेला स्वार दाखवा. वारंवार नाकारलं गेलं तर नंबरवर गदा येऊ शकते, म्हणून विक्रीची चौकशी त्या नंबरवर घेऊच नका.

टाच_खाली
सुट्टीच्या बॅचची जाहिरात मार्चच्या मध्यावर सुरू करा. स्टेट बोर्डाच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, सीबीएसईची मुलं बहुतेक मे महिन्यात मोकळी होतात; दोघांच्या दोन वेगळ्या जाहिराती ठेवा. उन्हाळ्यात बॅच साडेनऊच्या आत संपवा आणि ती वेळ जाहिरातीतच लिहा.