क्रोव्हीत गाडी दारापर्यंत जात नाही

क्रोव्हीत घर भाड्याने घेतलं तर गाडी दारापर्यंत जाते का, असा प्रश्न आलाय. नाही जात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे कड्याच्या पायथ्याशी घरांची एक ओळ, पुढे जेमतेम पायवाट आणि लगेच समुद्र. गाडी गावाच्या टोकाला ठेवायची आणि बॅगा एकचाकी ढकलगाडीवर घालून न्यायच्या. मोठ्या सुटकेस आणू नका!

गावाच्या फोटोत बहुतेक घरं समुद्राकडे पाठ फिरवल्यासारखी दिसतात, ती मुद्दाम तशी बांधलीत. अरुंद त्रिकोणी भिंत पाण्याकडे, म्हणजे वाऱ्या-लाटांचा मारा कमी बसतो. तरीही ३१ जानेवारी १९५३च्या वादळात काही घरं गेलीच, आणि बरीच मच्छीमार कुटुंबं कायमची गाव सोडून गेली. आता बहुतेक घरं सुट्टीपुरती उघडतात. फोटोंत दिसणारी शांतता त्यातूनच आलीय, हे मला तरी जरा खुपतं.

दुकानासाठी शेजारचं गार्डनस्टाउन गाठा. किनाऱ्यालगतची पायवाट आहे, पण समुद्र खवळलेला असेल तर त्या वाटेला जाऊ नका. वेळ उरला तर ट्रूप हेडच्या कड्यावर गॅनेट पक्ष्यांची वसाहत बघाच, मात्र उन्हाळ्यात.