घरी गाडीचा चार्जर बसवायचाय, सवलत नक्की कुणाकडे मागायची?

पहिलीच_गाडी:
गाडी बुक केली आहे, महिन्याभरात येईल. घर स्वतःचं. गाडी मागच्या बाजूला लागते, मीटरपासून तिथवर तार ओढायची तर टेपने मोजून २२ मीटर भरली. सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॉट. विक्रेता म्हणतो ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) घ्या, वर ‘त्याला सबसिडी असते, चौकशी करा’. कुठे करू विचारलं की लगेच त्याचा दुसरा फोन वाजतो.

नेटवर प्रत्येक पान वेगळंच सांगतं, निम्म्या पानांवर तारीखच नाही. सरकार, पालिका, वीज कंपनी, यांतलं कुणाचं दार आधी ठोठवायचं? आणि चार्जर आधी घेऊन बिल नंतर लावलं तर चालतं का? वॉलबॉक्सवर आत्ता सूट आहे, हात शिवशिवतायत.

तारमास्तर:
हात खिशात ठेवा.

जन्मभर लोकांच्या घरी तारा ओढल्या आणि स्वतःच्या घरी नेमकी हीच चूक केली. चार्जर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, बसवला, मग अर्ज भरायला बसलो. पहिल्याच पानावर दोन अटी: मॉडेल मंजूर यादीतलं हवं आणि काम मंजुरीनंतरचं हवं. मॉडेल यादीत होतं, तारखेने घात केला. आमची ही अजून पाहुण्यांना ‘हा आमचा विनाअनुदानित’ अशी त्याची ओळख करून देते.

दार आधी वीज वितरण कंपनीचं. गाडीचा भार शेवटी तिच्या रोहित्रावर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. संध्याकाळी घराघरांत सगळं चालू असताना गल्लीतल्या चार गाड्याही लागल्या तर रोहित्र तापतं. त्याच गाड्या मध्यरात्रीनंतर लागल्या तर कंपनीला रिकाम्या वेळचं गिऱ्हाईक मिळतं. म्हणून पुष्कळदा तिची सवलत चार्जरवर नसते, वेळेवर असते. रात्रीचा दर कमी, गाडीसाठी वेगळा मीटर, किंवा गर्दीच्या वेळी त्यांच्या इशाऱ्यावर चार्जर थांबू दिलात तर बिलात काही सूट. ‘अनुदान’ हा शब्द टाकून शोधलंत तर यातलं काहीच सापडणार नाही. दरपत्रक उघडा आणि त्यात ‘टाइम ऑफ डे’ आणि ‘विद्युत वाहन’ शोधा.

काउंटरवर जाऊन ‘सबसिडी आहे का’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं असतं. विचारा: गाडीच्या चार्जिंगला वेगळी दरश्रेणी आहे का? वेगळा मीटर घेतला तर त्याचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा भरायची रक्कम) किती? भारवाढीसाठी तार किंवा मीटर बदलावा लागला तर खर्च कुणाचा? यातला स्थिर आकार लोक विसरतात. गाडी कमी चालत असेल तर दरात वाचलेलं सगळं तो दुसरा मीटर खाऊन टाकतो.

आता न विचारलेली गोष्ट. रोज किती चालवणार? ४० किलोमीटर धरा. युनिटला ६ किलोमीटर पकडले तरी ७ युनिटांच्या आत काम झालं. १६ अँपियरच्या लाइनवर साधारण ३.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे दोन तास आणि वर थोडं. ७.४ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला ३२ अँपियर. तुमच्या ५ किलोवॉटच्या भारात तो एकटासुद्धा मावत नाही, बाकीचं घर राहिलंच. भारवाढ, २२ मीटर जाड तार, नवा एमसीबी... सवलतीत जे मिळेल ते इथेच संपेल.

मात्र १६ अँपियर म्हणजे जुन्या सॉकेटला केबल लावून मोकळं होणं नव्हे. तासन्‌तास पूर्ण भार सुरू राहिला की सैल स्क्रू तापतो आणि मग प्लास्टिकचा वास येतो. मीटरपासून स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग, आणि आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बघून घ्या. चार्जिंगमध्ये डीसी गळती होऊ शकते आणि तिने घरातला साधा आरसीसीबी आंधळा होतो, ऐनवेळी पडतच नाही. चार्जरमध्ये ६ मिलीअँपियरची डीसी गळती ओळखणारी सोय आतच असेल तर टाइप ए आरसीसीबी चालतो, नाहीतर टाइप बी लावा. इथे पैसे वाचवू नका.

लांबचा_पाहुणा:
मास्तरांच्या तारखेच्या मुद्द्याला पुस्ती. जर्मनीत केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या २०२० च्या योजनेत चार्जर मागवण्याआधी अर्ज करणं बंधनकारक होतं. २०२३ च्या सप्टेंबरात सौर पॅनेल, बॅटरी आणि वॉलबॉक्स अशी एकत्र योजना आली, तिचे ३० कोटी युरो एका दिवसात संपले. योजना कागदावर ‘चालू’ असते, पैसे गेलेले असतात. त्यामुळे निधी शिल्लक आहे का हे वेगळं विचारा.

पत्ताही बघतात. अमेरिकेत आयकरातली चार्जरची सूट २०२३ पासून ठरावीक जनगणना विभागांतच ठेवली, कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी. विभागाची हद्द रस्त्यावरून गेली असेल तर समोरच्याला मिळते, तुम्हाला नाही. शेवटची तारीख ३० जून २०२६ आणि त्यातही खरेदीची नव्हे, चार्जर वापरात आल्याची तारीख धरतात. ब्रिटनने तर स्वतंत्र घराच्या मालकांचं अनुदान मार्च २०२२ अखेर बंद केलं आणि भाडेकरू व फ्लॅटवाल्यांसाठी चालू ठेवलं.

तारीख नसलेली पानं मी वाचतच नाही. मूळ परिपत्रक काढायचं आणि आधी शेवटचं पान बघायचं, मुदत आणि अपवाद तिथेच लपलेले असतात.

दोनदा_मोजा:
७.४ वर मास्तरांशी माझं पटत नाही. घरात दुसरी गाडी आली की परत भिंत फोडणार का? निदान पाइप मोठा टाका आणि तार ३२ अँपियरला पुरेल अशी ओढा, चार्जर छोटा लावा. हल्ली बऱ्याच चार्जरचा प्रवाह कमीवर बांधून ठेवता येतो.

आणि पालिकेत मालमत्ता कराच्या खिडकीवर विचाराच. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात घरगुती चार्जिंगसाठी मालमत्ता करात सूट द्यायला स्थानिक संस्थांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलं होतं. प्रोत्साहन म्हणजे सक्ती नव्हे, म्हणून ठराव झालाय का हे तिथल्या तिथे विचारावं लागतं.

पहिलीच_गाडी:
जाऊन आलो. मुद्दाम आधी ‘सबसिडी आहे का’ विचारलं, बाई म्हणाल्या नाही. मग मास्तरांचे तीन प्रश्न कागदावरून वाचले, तर त्यांनी ड्रॉवरमधून दरपत्रक काढलं. वेगळा मीटर मिळतो, रात्रीचा दर कमी आहे. माझं रोजचं अंतर ३० किलोमीटरच, त्यामुळे स्थिर आकार धरला तर वेगळा मीटर परवडत नाही. आहे त्याच मीटरवर रात्रीचा दर लागू होतो का, ते लेखी विचारून आलोय. पालिकेत उद्या. चार्जर अजून दुकानातच आहे.

तारमास्तर:
ठीक. अर्जाची पोच घ्या, शिक्का तारखेसकट. आणि जुन्या बोर्डाचा, मागच्या भिंतीचा फोटो आजच काढून ठेवा. कामाआधीचा फोटो मागितला तर काम झाल्यावर आणणार कुठून? पाइपचं दोनदा_मोजा म्हणतात ते बरोबर आहे, मोठाच टाका.