कोजागिरीला टॅब चालेल का?

सेक्रेटरी : कोजागिरीची यादी फायनल. बी-४०२ चा चिनू भीमपलास राग वाजवणार. टॅबवर.

ए-१०१ आजोबा : टॅबवर म्हणजे गाणं लावणार ना? मग वाजवणार कशाला लिहिलंत?

चिनू : नाही आजोबा, बोटांनीच वाजवणार. जिओश्रेड नावाचं ॲप आहे, काचेवर बोट घासत नेलं की मींड निघते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं. महेश राघवन आयपॅडवर कर्नाटक संगीत वाजवतात ना, ते यावरच.

आजोबा : काचेला कसला आलाय सूर! वाद्य हाताला लागायला हवं.

सी-३०३ ताई : काका, इतकी वर्षं पेटी शिकवतेय म्हणून बोलते. भीमपलासातला कोमल गंधार हा सूर त्याच्या वरच्या मध्यमावरून ओढून घ्यायचा, तो पेटीवर येतच नाही. दोन पट्ट्यांच्या मधे जाणार कुठे? असल्याच कारणांनी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. आज तीच आपल्याला अस्सल वाटते 😄 चिनूने काल जिन्यात तो गंधार ऐकवला. बरा लागला. अजून थोडा वर राहतो, ते त्याला सांगितलंय.

डी-१०२ : गेटसमोर पांढरी गाडी कोणाची? काढा लवकर.

ताई : खोट आहे ती वेगळी. हळू टेकवा नाहीतर जोरात, काचेला काही कळत नाही.

बी-२०४ : ॲपलच्या गॅरेजबँड ॲपमध्ये कळतं की. आयपॅडवर २०११ ला आलं तेव्हापासून. टॅबला बसणारा हादरा आतला सेन्सर मोजतो.

सेक्रेटरी : ते असू दे. गणपतीत आरतीला याची टॅबवरची ढोलकी टाळांच्या मागेच राहिली होती, त्याचं काय?

चिनू : ब्लूटूथ स्पीकर होता काका. आवाज जरा उशिराच येतो त्यातून. मला वाटलं मीच मागे पडतोय, म्हणून पळालो, मग आणखी घोळ. या वेळी वायर लावणार.

ए-२०३ काकू : आणि फोन विमान मोडवर टाका रे. भजनात माझा ॲपवरचा तानपुरा चालू होता, मध्येच गॅसवाल्याचा फोन. सगळ्या बायका एकदम निराधार 🤦‍♀️

आजोबा : घामट बोट काचेवर सरकतं का?

चिनू : अडकतं. पावडर लावतो.

आजोबा : हं. तबलजीही लावतात. बरं, माळ्यावर माझा मिरजेचा तानपुरा आहे. जवारी उतरलीय, म्हणजे तारांची गुंजन गेलीय, पण तारा धड आहेत. पट्टी कुठली धरणार?

चिनू : तुम्ही सांगाल ती. ॲपमध्ये सा बदलता येतो.

आजोबा : काळी एक. सात वाजता ये, माळ्यावरून उतरवायलाही माणूस लागेल.

डी-१०२ : गाडी अजून तिथेच आहे.

सेक्रेटरी : वायर कोणाकडे आहे? आणि ए विंगचे मसाला दुधाचे पैसे बाकी आहेत.