ऐकून शिकलेलं पोर 'पोपट' कसं काय? (चर्चा)

पऱ्हाटी:
काल एका मास्तरांनी इथं लिहिलं, "मोबाईलवर ऐकून ट्रम्पेट शिकलेलं पोर म्हणजे पोपट. आधी नोटेशन (कागदावर लिहिलेले सूर), मग कान." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितो.

आमचं गाव वणीच्या पुढं. ट्रम्पेट वाजवणारा माणूस गावात एकच, आणि तोही तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत घरी सापडत नाही. मग पोरानं चांगला आवाज ऐकायचा कुठं? हायडन नावाच्या युरोपी संगीतकारानं १७९६ मध्ये ट्रम्पेटसाठी रचलेल्या अवघड कॉन्चेर्टोची रेकॉर्डिंगं ढिगानं आहेत. ती ऐकून पहिल्या वर्षाचं पोर वाद्य खाली ठेवतं. त्याला पाहिजे एका पानाचं सोपं सोलो (एकट्यानं वाजवायची रचना), पियानोच्या साथीवर, श्वास कुठं घेतला तेही ऐकू येईल असं. मोठे वादक असलं वाजवत नाहीत, त्यात नाव होत नाही ना!

माझंच सांगतो. मास्तरनं वहीत लिहून दिलेलं: सा ला एकही पिस्टन (बोटानं दाबायची कळ) दाबायचा नाही, रे ला १-३ म्हणजे पहिला आणि तिसरा, ग ला १-२. वर्षानुवर्षं माझा खालचा रे चढाच लागायचा. मी समजायचो, आपले ओठच खराब. पुतण्याच्या मोबाईलवर असंच एक सोलो ऐकलं तेव्हा कळलं की पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबला की स्वर चढतोच, तिसरी स्लाइड (नळीचा सरकता तुकडा) थोडी बाहेर काढावी लागते. वही कधी बोलली नाही हे.

काळी पाच:
तो मास्तर मीच. आता माझंही ऐका.

तरुणपणी माझ्याकडं अशाच सोलोंची कॅसेट होती. टेपचा पट्टा ढिला, म्हणून सगळं उतरलेलं वाजायचं. मी त्याच्याशी जुळवायला ट्यूनिंग स्लाइड दोन बोटं बाहेर ओढून सहा महिने वाजवलं. पथकात उभा राहिलो तर क्लॅरिनेटवाला माझ्याकडं बघतच राहिला. ही तुमची रेकॉर्डिंगची विद्या.

कॉर्नेट-ट्रम्पेट शिकायचं आर्बनचं पुस्तक १८६४ चं. त्यासोबत कॅसेट नव्हती, तरी दीडशे वर्षं पोरं घडली. आणि माझा भाचा पचमढीला लष्कराच्या संगीत शाखेत गेला, तिथं समोर कागद ठेवतात, मोबाईल नाही.

चौफुली:
पट्टा ढिला टेपचा अन् शिव्या रेकॉर्डिंगले? काऊन बाप्पा?

खरी गोष्ट कोनी बोलत नाई. पोट्टं शिकलं तरी वाजवन कुठं? नवरदेवाले धुमाल, म्हंजे ढोल-ताशाचा ताफा, पायजे नाई तं डीजे. मेरठच्या जली कोठीतून, बँडच्या वाद्यांच्या बाजारातून, आनलेला ट्रम्पेट आमच्या घरी ज्वारीच्या कोठीवर पडला हाय.

धुमालवाला:
धुमालले नाव नका ठेवू. तुमचे बँडवाले वीस मान्सं आनत, त्यातले आठ नुसते लाल कोट घालून उभे. गाल फुगवत, फुकत नसत. लोकाइले दिसत नाई काय? पैसे वीसाचे, आवाज बाराचा. आमच्यात जो उभा हाय तो वाजवते.

काळी पाच:
तोंड सांभाळून बोला. आठ नाही, चार.

धुमालवाला:
😂 झालं, मास्तरनंच कबूल केलं.

काळी पाच:
ते चार फुंकत नव्हते, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणूनच म्हणतो, आधी नोटेशन.

पऱ्हाटी:
त्यांना सोलो कोणी ऐकवलं तरी होतं का? आणि आर्बनचं म्हणाल, तर पॅरिसच्या पोरांसमोर आर्बन स्वतः कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) घेऊन शिकवायला उभा असायचा. त्यांना रेकॉर्डिंग कशाला लागेल? आमच्या पोरांसमोर कोण उभं आहे? ज्वारीची कोठी?

फळा-खडू:
मी शाळेत २६ जानेवारीचं पथक बसवते. दोघांनाही एक सांगते. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर कागदावरचा सी वाजवला की पेटीवरची काळी पाच (पाचवी काळी पट्टी) निघते. आमची पोरं रेकॉर्डिंगसोबत पेटीवरचा सी म्हणजे पांढरी एक धरून बसली आणि आठवडाभर 'बेसूर आहे, बेसूर आहे' म्हणून भांडली. हे ना रेकॉर्डिंगनं सांगितलं, ना कागदानं. बाकी यूट्यूबवर वेग ०.७५ केला तरी सूर जागचा हलत नाही, मास्तर. पट्टा नसतो त्याला.

चौफुली:
डीजेवर कोनीच बोलनार नाई म्हंजे.

काळी पाच:
बाईंनी टोमणा मारला, तो घेतला. आषाढात लग्नं नसतात, पोरं पाठवा. कागदावरून एकदा तरी सरळ वाजवल्याशिवाय मोबाईल परत मिळणार नाही, तो माझ्या खिशात राहील. नंतर काय ऐकायचं ते ऐका.

आणि तो रे आज वाजवून पाहिला. चढा आहे. माझ्या ट्रम्पेटची तिसरी स्लाइड कित्येक वर्षं जाम आहे, रॉकेल टाकून पाहतो.

धुमालवाला:
रॉकेल कुठं भेटते आता? गोडं तेल टाका, मास्तर.